एक सूत जास्त

नाव: श्री. संभाजी दौलतराव खडतरे. वय: एकसष्ट. पत्ता: दतिया गेटबाहेर, झाशी. पदनाम: प्रमुख वृक्ष-संरचना तंत्रज्ञ. शैक्षणिक अर्हता: दहावी. पूर्वानुभव: धातू-ओतकाम उद्योग, एकतीस वर्षे. विद्यमान क्षेत्रातील अनुभव: सात वर्षे, सदर कालावधीत सजीव आधारावरील सव्वीस निवासी संरचना पूर्ण. उंचीविषयक भय: निरंक. ओळखचिन्ह: डाव्या अंगठ्यास नख नाही. ज्ञात भाषा: हिंदी, बुंदेली, मराठी (केवळ घरगुती वापरासाठी). उक्त व्यक्तीने उभारलेल्या कोणत्याही संरचनेबाबत आजमितीस एकही तक्रार प्रलंबित नाही.

हे वर्णन अंबरीशने एका सरकारी निविदेला जोडण्यासाठी हिंदीत लिहिलं होतं. मराठीत आणल्याने त्याचं फारसं काही बिघडलेलं नाही. अंबरीश हा पस्तिशीतला वास्तुविशारद, ‘हवाई मचान’ या कंपनीचा मालक. ही कंपनी मागणीनुसार झाडावर घरं बांधून देते. असा धंदा असू शकतो हे झाशीला पटायला दोन वर्षं लागली. बुंदेलखंडातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पिकाच्या राखणीला मचाण बांधत आलाय. वर बसायला बाहेरगावाहून लोक येतील, सकाळी चहा मागतील आणि खाली उतरून समाधानाने निघून जातील, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. अंबरीशच्या आलं.

कंपनीत कामं वाटलेली आहेत. अंबरीश नकाशा काढतो. टहरौलीचे हल्के कक्का झाड निवडतात. संभाजीराव घर बांधतात. हल्के कक्का कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर चार ठिकाणी टकटक करतात, कान लावतात आणि हो किंवा नाही एवढंच सांगतात. कारण विचारलं तर त्यांना अपमान वाटतो. एकदा एका डॉक्टरांनी आपल्या आंब्यासाठी फारच आग्रह धरला, तेव्हा कक्का म्हणाले होते, “जो पेड़ खुदई नईं ठाँड़ो हो पा रओ, तुमाओ घर का सम्हारहै?” जे झाड स्वतःच उभं राहू शकत नाही, ते तुमचं घर काय सांभाळणार? डॉक्टर हाडांचे होते, त्यांना मुद्दा पटला.

संभाजीराव या धंद्यात आले ते फाउंड्री बंद पडली म्हणून. बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात ते फर्मे करायचे. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात घडवावा लागतो. त्या लाकडी भागाला फर्मा म्हणतात. फर्मा वाळूत दाबायचा, उमटलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. आता लोखंडाची खोड अशी, की ते निवताना आकसतं. म्हणून फर्मा मागितलेल्या मापापेक्षा थोडा मोठाच करायचा असतो. किती मोठा, याचा हिशेब दर वेळी करावा लागू नये म्हणून फर्मेवाल्यांची फुटपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब असतो. बाहेरच्या माणसाने त्या पट्टीने काही मोजलं तर त्याचं नुकसान होतं. फर्मेवाला एकतीस वर्षं तिच्याने मोजतो आणि जग एका सुताने आकसणार हे गृहीत धरून चालतो.

कंपनीच्या पहिल्याच कामात हे उघड झालं. बरुआसागरच्या तळ्याजवळ एका बागवाल्याच्या महुआवर, म्हणजे मोहाच्या झाडावर, घर होतं. अंबरीशच्या नकाशात जमिनीच्या फळ्या बुंध्याला अगदी घट्ट भिडल्या होत्या, कारण फोटोत तसं छान दिसतं. संभाजीरावांनी सवयीने खिशातली जुनी पट्टी काढली आणि बुंध्याभोवतीचं भोक कापलं. फळ्या बसवल्यावर सगळीकडून फट दिसायला लागली.

“संभा भैया, ये क्या किया?”

“पट्टी जुनी आहे,” संभाजीराव म्हणाले. अंबरीश मराठी घरातलाच, पण त्याला मराठी समजतं जास्त आणि बोलता येतं कमी. आपली चूक कबूल करताना संभाजीराव मराठीत बोलतात. समोरच्याला भांडण वाढवणं अवघड जातं.

दोन वर्षांनी महुआ जाडावला आणि ती फट भरून गेली. फळ्या शाबूत राहिल्या. फळ्या घट्ट बसल्या असत्या तर एकतर त्या फुटल्या असत्या, नाहीतर झाड गळफास लागल्यासारखं झुरलं असतं. मग कंपनीच्या माहितीपत्रकात या चुकीला ‘वाढ-समावेशक रचना’ असं नाव मिळालं.

सव्वीस घरं कंपनीची. सत्ताविसावं, जे निविदेत तेव्हा नव्हतं, ते संभाजीरावांच्या घरामागच्या परसात कडुनिंबावर आहे. ते त्यांच्या नातीचं.

नात निवेदिता, घरात निवू. मुलगी स्वराली आणि जावई देवेंद्र मेलबर्नला असतात. २०१९च्या थंडीत ते आले तेव्हा निवू पावणेदोन वर्षांची होती. ती रंधा नावाच्या हत्याराला घाबरली नाही, करवतीला घाबरली नाही, भुशाच्या ढिगात बसून राहिली. अंबरीशने गिऱ्हाइकाला दाखवायला करून घेतलेलं घराचं एक लाकडी खोकं तिथे पडलं होतं. ती त्यात शिरली आणि बाहेर यायला तयार होईना. विजयालक्ष्मी, म्हणजे तिची आजी, वाटीत वरणभात घेऊन खोक्यासमोर बसली आणि खोक्याच्या खिडकीतून अख्खं जेवण झालं. पुढच्या दिवाळीला येतो, असं सांगून मंडळी गेली.

संभाजीरावांनी घर त्या दिवाळीसाठी धरलं. मग सगळंच बंद झालं. कंपनीला काम नव्हतं, परसात झाड होतं, कोपऱ्यात लाकूड होतं. हल्के कक्कांना टहरौलीहून येता येईना, म्हणून त्यांनी फोनवरून झाड पास केलं. संभाजीरावांनी बुंध्यापाशी फोन धरून टकटक केलं आणि पलीकडून कक्का म्हणाले, “ठीक है.” कंपनीच्या इतिहासातली ही एकमेव दूरस्थ तपासणी.

लहान मुलाच्या घराला तीन मापं लागतात. गुडघा जमिनीपासून किती, यावर पायऱ्यांची उंची ठरते. कोपर किती, यावर कठडा. हात वर केल्यावर बोटं कुठवर पोचतात, यावर दाराची कडी. म्हणजे मूल स्वतः कडी काढू शकतं आणि आपण कोंडलेले नाही हे त्याला कळतं. संभाजीराव ही मापं आकड्यात लिहीत नाहीत. सागवानाच्या एका अरुंद पट्टीवर ते पटाशीने खूण करतात. निवूची मापं स्वरालीने फोनवर सांगितली आणि त्यांनी पट्टीवर तीन खुणा केल्या, प्रत्येक खूण थोडी वर. दिवाळीपर्यंत पोरगी वाढणारच.

ती दिवाळी गेली. पुढच्या वर्षी त्यांच्याकडच्या सरहद्दी बंद होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी स्वरालीची नोकरी नवी होती. दर वर्षी जानेवारीत त्या वर्षीच्या डिसेंबरला येण्याचं ठरायचं, तिच्याकडून मापं यायची आणि संभाजीराव पायऱ्या खाचांतून काढून पुन्हा बसवायचे, कठडा उंच करायचे, कडी सरकवायचे. दार दोनदा नवीन केलं. आधीच्या खुणा त्यांनी पट्टीवरून तासल्या नाहीत. त्यामुळे पट्टी खालपासून वरपर्यंत खाचांनी भरली आणि तिच्यावर एक मुलगी वाढत गेली, जी त्यांनी पाहिली नव्हती.

“अहो,” विजयालक्ष्मी ओट्यापासून म्हणायची, “एवढं दार वाढवताच आहात, तर मुंडावळ्या बांधून आत जाता येईल असंच करा. पुन्हा पुन्हा कशाला?”

“डिसेंबरात येतायत.”

“कुठल्या?”

संभाजीराव रंधा मारायला लागायचे.

हल्के कक्का कामावर रोज भेटायचे आणि रोज एकच प्रश्न विचारायचे, “भैया, मोड़ी कबै आ रई?” मोड़ी म्हणजे मुलगी. पहिली दोन वर्षं संभाजीराव महिना सांगत. मग ऋतू सांगू लागले. मग “आएगी” एवढंच. कक्कांनी विचारणं सोडलं नाही. त्यांनी आयुष्यभर झाडांना प्रश्न विचारले होते आणि झाडं उत्तराला किती वेळ घेतात हे त्यांना माहीत होतं.

२०२३ साली मंडळी भारतात आली. देवेंद्रच्या बहिणीचं लग्न पुण्याला होतं, नऊ दिवसांची रजा होती, त्यातले चार दिवस मांडवात आणि दोन विमानात. झाशीची गाडी बसेना. “तुम्हीच या ना बाबा पुण्याला,” स्वराली म्हणाली. संभाजीराव आणि विजयालक्ष्मी जायला निघालेही होते. पण त्याच आठवड्यात विजयालक्ष्मीचा गुडघा इतका सुजला, की ती न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जात होती. फोनवर त्यांनी निवूला घागरा घातलेली पाहिली. ती कोणाच्या तरी कडेवर होती, म्हणून उंचीचा अंदाज आला नाही.

त्यानंतर परसातल्या घराचं काम करताना संभाजीरावांच्या मनात एकच गोष्ट असायची. ती ते बोलून दाखवत नसत, पण विजयालक्ष्मीला माहीत होती. झाडावरच्या घराचं एक वय असतं. तीन वर्षांच्या मुलाला ते किल्ला वाटतं, सहाव्या वर्षी घर वाटतं, दहाव्या वर्षी लहान वाटतं आणि बाराव्या वर्षी त्याचा फोटो काढतात. बरुआसागरपासून दतियापर्यंत त्यांनी हे पाहिलं होतं. निवू आता सात वर्षांची होती. घर वाढवता येत होतं, पण त्याला सीमा होती. कडुनिंबाची फांदी एका मर्यादेपुढे वजन घेत नाही, आणि मुलगी एका मर्यादेपुढे वर चढत नाही. उशीर झाला तर ते घर नुसतं रिकामं राहिलं नसतं, ते चुकलेलं काम ठरलं असतं.

या डिसेंबरात ते आले. सहा दिवसांसाठी.

स्टेशनवर विजयालक्ष्मीने नातीला जवळ घेतलं आणि रडायच्या आधीच म्हणाली, “एवढीशीच?” स्वरालीने तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. संभाजीराव सामान मोजत होते, त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे परसात गेले. कडुनिंबाखाली हल्के कक्काही येऊन उभे होते; त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. घर जमिनीपासून सहा फुटांवर होतं. सागवानी फळ्या, कौलासारखं छप्पर, दोन खिडक्या, बुंध्याभोवती फट, फटीवर जुन्या टायरच्या ट्यूबची झालर. निवूने ते बघितलं. मग ती शिडीपाशी गेली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवायला लागली. पाय पोचला, पण गुडघा छातीला लागला. तिने हाताने वरची पायरी धरली, अंग ओढलं, दुसऱ्या पायरीपाशी अडकली आणि देवेंद्रने तिला उचलून वर ठेवलं. वर तिने दाराच्या कडीकडे हात केला. बोटं कडीच्या चार बोटं खाली थांबली. कठडा तिच्या नाकाशी येत होता, त्यामुळे तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं.

तिने कठड्याच्या दोन गजांमधून खाली बघितलं आणि जपून जमवलेल्या मराठीत विचारलं, “आजोबा, हे कोणाचं घर आहे? मोठ्या मुलीचं?”

संभाजीराव आत गेले आणि खुणांची पट्टी घेऊन आले. निवूला खाली उतरवून त्यांनी ती तिच्या शेजारी उभी धरली. तिचा गुडघा २०२३च्या खाचेपाशी होता.

“स्वराली, जानेवारीत तू मापं पाठवली होतीस ना?”

“पाठवली होती.”

“मोजून?”

स्वराली ओढणीशी चाळा करत राहिली. “मोजून म्हणजे... पहिल्या वर्षी मोजलं होतं, आणि वर दोन इंच धरले होते. येईपर्यंत वाढेल ना, म्हणून. तुम्हीच नाही का, लहानपणापासून ऐकवलंय, मागितलेल्या मापाचा फर्मा करायचा नसतो.”

“दोन इंच?”

“पुढे तर मोजलंही नाही, बाबा. ती शाळेत, मी ऑफिसात. आदल्या वर्षीच्या मापावरच वाढवून सांगितलं.”

“आदल्या वर्षीच्या, म्हणजे वाढवलेल्या?”

“हो.”

“दर वर्षी वाढवत होतीस?”

“दर वर्षी. यायचंच होतं ना.”

संभाजीरावांनी पट्टी आडवी धरली आणि तिच्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. “मी पण वाढवत होतो,” ते म्हणाले. “त्याच्यावर.”

विजयालक्ष्मीने कपाळाला हात लावला. “बापलेकींनी मिळून माझ्या नातीचा जिराफ करून ठेवलाय! आणि मी आपली पाच वर्षं म्हणतेय, मुलगी येईपर्यंत घर लहान होईल.”

“लहान नाही झालं,” संभाजीराव म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “लहान नाही झालं.” त्यांचा आवाज आनंदाने जरा चढला होता. एकतीस अधिक सात वर्षांच्या नोकरीत मापात इतकी मोठी चूक झालेला माणूस असा दिसत नाही. हल्के कक्कांना प्रकरण हिंदीत समजावून सांगावं लागलं. ते म्हणाले, “तौ का भओ? मोड़ी खों टैम है अबै.” मग काय झालं, मुलीला अजून वेळ आहे.

त्यांनी त्याच दुपारी काम काढलं. पायऱ्यांच्या मधे आणखी पायऱ्या घालायच्या, कठड्याला खाली एक खिडकीएवढी मोकळी जागा ठेवायची, कडी उतरवायची. कक्का वर चढले, संभाजीराव खाली रंधा मारत बसले. निवू भुशात बसली होती. ती आता भुशात बसायच्या वयाची नव्हती, पण बसली.

“आजोबा, मी मोठी होणार ना, मग?”

“मग ह्या मधल्या पायऱ्या काढायच्या.”

“कोण काढणार?”

“मी.”

“मी इथे नसणार.”

संभाजीराव लाकडावरून बोट फिरवून बघत होते. ते पुरेसं गुळगुळीत झालेलं होतं, तरी त्यांनी आणखी दोन हात मारले.

तिसऱ्या दिवशी ती स्वतः चढली, स्वतः कडी काढून आत गेली आणि दार लावून घेतलं. आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नव्हतं. ती आतल्या आत कोणाशी तरी इंग्रजीत वाद घालत होती आणि बहुधा जिंकत होती. जेवायला हाक मारली तर म्हणाली, “इथेच पाठवा.” विजयालक्ष्मीने ताट भरलं आणि शिडीखाली येऊन उभी राहिली. पायऱ्या आता जवळ जवळ होत्या, अर्ध्या अर्ध्या. तिने पहिलीवर पाय ठेवून बघितला. गुडघ्याने हरकत घेतली नाही. मग दुसरी, तिसरी. खालून स्वराली ओरडली, “आई, अगं!” तोवर आजी वर पोचली होती आणि कठड्याला धरून आपल्याच स्वयंपाकघराचं छप्पर वरून बघत होती. “कौलं शाकारायला झालीत,” ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

संभाजीराव त्या सहा दिवसांत वर गेले नाहीत. बांधणाऱ्याने पुरं झालेल्या घरात बोलावल्याशिवाय जायचं नाही, ही त्यांची कामावरची रीत होती, आणि बोलावणं आलं नाही; मुलं अशा गोष्टी विसरतात. ते खाली खुर्ची टाकून बसायचे. वर फळ्यांवरून निवूची पावलं फिरायची आणि कोणत्या फळीवर ती आहे हे त्यांना आवाजावरून कळायचं. एक फळी जराशी बोलत होती. ती त्यांनी ठोकली नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी तिला भिंतीला टेकवून उभी केली आणि पट्टीवर तिची तिन्ही मापं स्वतः घेतली. स्वराली बाजूला उभी होती. त्यांनी पटाशी नेमकी निवूच्या गुडघ्याशी धरली, मग कोपराशी, मग बोटांच्या टोकाशी. वर काही धरलं नाही.

“थोडं वाढवा ना, बाबा,” स्वराली म्हणाली.

“नको. आहे तेवढं असू दे.”

स्वराली घरात निघून गेली. स्टेशनला जायच्या वेळेपर्यंत ती बॅगा पुन्हा पुन्हा भरत होती.

फेब्रुवारीत अंबरीश फोटो काढायला आला. निविदेत आणखी एक नमुना दाखवायचा होता, आणि परसातल्यासारखं घर कंपनीकडे दुसरं नव्हतं. त्याने फॉर्म भरायला घेतला. संरचना क्रमांक सत्तावीस. प्रकार: बाल-निवासी. आधार: कडुनिंब, एकल. सोपान: द्विस्तरीय, समायोज्य. वापरकर्ता: कु. निवेदिता, वय सात.

“भैया, उपयोग कब होता है? कॉलम है.”

“रविवारी. अकरा वाजता.”

“हर संडे? पर बच्ची तो...”

“आम्ही दोघं चढतो. तिने फोनवर बोलावलंय.” संभाजीरावांनी शिडीची मधली पायरी हलवून बघितली, घट्ट होती. “तिकडे तेव्हा साडेचार वाजलेले असतात. ती शेजारच्या घरातून खेळून परत आलेली असते.”

अंबरीशने पेन थांबवलं. या कॉलमात काय लिहावं हे त्याला सुचेना. “पर ऊपर क्यों? नीचे बैठ के भी तो बात हो सकती है.”

विजयालक्ष्मी चहा घेऊन आली होती, तिनेच सांगितलं. वर नेटवर्क चांगलं येतं.